रुखवत नागपूर: पहिले दोन नंबर आमचे

४ ऑक्टोबर
सकाळी उडदाची डाळ निवडून राहिली होती. जुई आली अन् मोबाईल नाकासमोर धरला. म्हणे, आजी, पाय. "रुखवत नागपूर" असं लिहून शोधलं की पहिली कोण? कुसुम. माझी लहानी जाऊ. फोटोसकट. मोत्याच्या तोरणापाशी उभी, दोन्ही खांद्यांवरून पदर, जशी काही शाळेची मोठी बाई.
आपली वेबसाईट कुठी आहे म्हटलं. जुईनं बोटानं सरकवत सरकवत खाली नेलं, मंग अजून खाली, मंग पुढचा पडदा उघडला, त्याच्याही पुढचा. तिथं आम्ही. एका बँडवाल्याच्या खाली.
इथून पुढं तिचं नाव कु. लिहीन. तिच्यासाठी पूर्ण नावाची शाई कशाले.

६ ऑक्टो.
जुई माझ्या पोराची पोरगी. घरी बसूनच कॉम्प्युटरवर नोकरी करते, वेबसाईट उन्हाळ्यात तिनंच करून दिली. तवा म्हणे, आजीले टाइमपास होईल. मी चौथीपर्यंत शिकली, पण पहिला नंबर म्हणजे काय ते चौथीतही समजते. तिले म्हटलं, टाइमपास नाही वं बाई, मले कु.च्या वर जायचं आहे. ती हसली. मी नाही हसली.
नागपूरच्या महाल भागात एका घरात होतो तवा रुखवत दोघी करत होतो. डाळीचं घर, सुपारीच्या बाहुल्या, करंज्यांचा नाग, सारं मी चिकटवायची. मांडवात पोराच्या आईले पाटावर बसवून रुखवत दाखवतात, तवा कु. उभी राहून दोन ओळी म्हणायची. त्या तिच्या तिनंच जुळवलेल्या. लोक हसत, बाया डोळे पुसत. अन् घरी जाताना काय म्हणत? कुसुमताईचं रुखवत. डाळ कोणी चिकटवली हे एकानं विचारलं नाही. बोटाची सालं निघायची माझ्या.
मंग भाऊ-भाऊ वेगळे झाले, आम्ही मानेवाड्याले आलो, ती महालातच राहिली अन् नावही तिथंच राहिलं.
(संध्याकाळी भरीत केलं. वांगी चांगली निघाली, बी कमी.)

९ ऑक्टो.
जुईले विचारलं, आपलं एकच पेज आहे, दहा केले तं? दहाही वर आले तं कु.ले जागाच उरणार नाही. रुखवताच्या टेबलावर नाही का, मोकळी जागा दिसली की अजून एक ताट ठेवायचं. कापड दिसलं नाही पाहिजे.
जुई म्हणे, आजी, तसं नसते. मी म्हटलं, तू कर तं.

१८ ऑक्टो.
झाले. महालातले रुखवत, खापरखेड्यातले रुखवत, पारशिवनीतले रुखवत, कामठी, उमरेड, हिंगणा. मजकूर एकच, गावाचं नाव तेवढं बदलायचं. मी बाजूले बसून गावं सांगत गेली. मोठी मजा आली. जुईचं तोंड आंबट, पण करून दिलं पोट्टीनं.

२९ ऑक्टो.
चकल्या बिघडल्या अन् वेबसाईटही. होतो तिथूनही खाली गेलो. बँडवाला आता दिसतही नाही इतका वर आहे.
जुई म्हणे, सांगतलं होतं तुले. सारे पेज सारखेच आहेत, आपलेच आपल्याच पायात पाय घालून राहिले. मशीनले समजत नाही यातलं कोणतं दाखवू, मंग ते कोणतंच दाखवत नाही. अन् एका शोधाले एका वेबसाईटचे बहुतेक दोनच पेज वर दाखवते, दहा नाही.
हे मले पटलं. पहिल्या पंगतीले एका घरची दोनच माणसं बसवतात. बाकीच्याईले म्हणतात, थांबा जी, तुमची पुढची.
मी विचारलं, मंग पुढच्या पंगती?
जुई म्हणे, हां, आता समजलं तुले. लोक वेगळं वेगळं शोधतात. कोणी भाड्यानं रुखवत शोधते, कोणी सुपारीच्या बाहुल्या. एकेका गोष्टीचं एकेक खरं पेज पाहिजे, अन् त्यात खरंच काही सांगतलेलं पाहिजे.
गावाचे सारे पेज काढून टाकले तिनं. मले वाईट वाटलं. उमरेडचं तं छान झालं होतं.

५ नोव्हेंबर
दिवाळी झाली. बसलो कामाले. भाड्याच्या रुखवताचं एक पेज. सुपारीच्या बाहुल्यांचं एक, त्यात मी सारं सांगतलं, सुपारी कोणती घ्यायची, साडीचा काठ कसा बसवायचा. डाळीच्या घराचं एक. डिंक किती पातळ ते मात्र सांगतलं नाही. मी काय येडी आहे.
जुई म्हणे, आजी, लोक सगळ्यात जास्त काय शोधतात माहीत आहे? रुखवतावर म्हणायच्या ओळी. तुले येतात का?
येतात म्हटलं.
ढीगभर येतात. इतकी वर्षं बाजूले उभी राहून ऐकल्या. कु. पोळ्या लाटता लाटता जुळवायची, कुठं लिहून ठेवत नव्हती. मी भडाभडा सांगत गेली, जुई लिहीत गेली.

सुपारीची सासू, सुपारीची सून,
भांडत नाहीत बाई, म्हणून बसल्या अजून.

मसुराच्या भिंती, तुरीचं दार,
माहेर मागं राहिलं, वळून नको पाहू फार.

जुईनं हात थांबवला. म्हणे, आजी, ह्या तू केल्या?
घरच्या आहेत म्हटलं. खोटं काय त्यात. कु. घरचीच आहे.

१३ नोव्हें.
तुळशीचं लग्न. ऊस महाग. जुईनं प्रत्येक ओळीखाली एक बोट ठेवायची जागा केली. दाबलं की भाड्याचं पेज उघडते. म्हणजे कोणी ओळी शोधत आलं की रुखवताच्या दुकानातच येऊन पडते. कु.च्या ओळी गिऱ्हाईक बोलावून राहिल्या अन् माझ्या दारात आणून सोडून राहिल्या. रात्रभर मनातल्या मनात हसू येत होतं.

२६ नोव्हें.
दुसरा नंबर! कु. पहिली, आम्ही दुसरे. शेजारच्या बाईले दाखवलं. तिले काही समजलं नाही, तरी वा वा म्हणे. शिरा केला.

३ डिसेंबर
"रुखवत नागपूर" लिहिलं की पहिले आम्ही, भाड्याचं पेज. त्याच्या खाली दुसरेही आम्ही, ओळींचं पेज. "सुपारी बाहुल्या रुखवत" लिहिलं तरी आम्ही. "डाळीचं घर" लिहिलं तरी आम्ही. कु. कुठी आहे ते शोधत खाली गेली. बँडवाल्याच्या खाली सापडली. पदर तसाच, दोन्ही खांद्यांवर. उभी आहे बिचारी.
तीनदा उघडून पाह्यलं. जुई ओरडली, झोप आता.

१२ डिसें.
फोनच फोन. एक बाई कामठीहून, एक वर्ध्याहून. पोराले म्हटलं आता तू नोकरी सोड, तुले मी ठेवते कामाले. तो सुनेकडं पाहून हसला. आमचं घर त्याच्या पगारावर चालते, मले काही कमावायची गरज नाही. कु.चं तसं नाही. दीर गेले तवापासून तिची चूल रुखवतावरच आहे, पंकज तिचा आत्ता कुठं एका दुकानात लागला. हे मले माहीत आहे. लिहून ठेवते, म्हणजे कोणी म्हणू नये का म्हातारीले माहीत नव्हतं.

२० डिसें.
पंकज आला. पाया पडला. पोरगा गुणाचा, बापावर गेला. लग्न ठरलं त्याचं, पोरगी पारशिवनीची, फेब्रुवारीत. म्हणे, मोठ्याई, तुम्ही सारे आलेच पाहिजे, आईनं खास सांगतलं.
आई कशी आहे म्हटलं.
बसून असते, म्हणे. या सीझनले ऑर्डरच नाही. मोत्याची तोरणं विकून राहिली. वेबसाईट मीच करून दिली होती, काहून खाली गेली समजत नाही. जुईताई आहे का? तिले विचारायचं होतं.
जुई बाजारात गेली होती. मी त्याले पोहे दिले, वरून शेव. मंग म्हटलं, अरे, मलेही माहीत आहे त्यातलं. एकाच पेजवर काय होते? गावागावाचे पेज कर. महाल, कामठी, उमरेड, हिंगणा, जितके होतील तितके. मजकूर तोच ठेव, नाव बदल. पटकन होते.
त्यानं मोबाईलवर लिहून घेतलं. पुन्हा पाया पडला. म्हणे, तुमच्यावाणी कोणी सांगत नाही.
पोहे थोडे अजून वाढले त्याले.

८ जानेवारी
कु.चा पत्ताच नाही. बँडवाल्याच्या खाली पाह्यलं, त्याच्याही खाली पाह्यलं. जुई म्हणे, अरे, लहानी आजीच्या वेबसाईटवर कोणी हे गावाचे पेज घातले? आपण केलं तसंच. कोणी सांगतलं असन तिले?
मी म्हटलं, लोक काहीही सांगतात वं.

१५ जाने.
आज जे झालं ते देवानंच केलं. मी काही केलं नाही.
तिळाचे लाडू वळून राहिली होती. फोन आला, पारशिवनीहून. मोठे सज्जन गृहस्थ. म्हणे, ताई, पोरीचं लग्न आहे, नेटवर तुमची वेबसाईट पहिली दिसली, सारं रुखवत तुमच्याकडूनच पाहिजे. डाळीत नावं लिहायची, प्राची अन् पंकज. अन् आडनाव सांगतलं. आमचंच आडनाव.
लाडू हातातच राहिला.
ते सांगत होते, विहीणबाई स्वतः रुखवताच्या कामातल्या आहेत, पण पोराच्या आईले कसं सांगायचं, आपलं रुखवत तुम्हीच करा म्हणून? ते बरं दिसत नाही. तिले तं पाटावर बसवून दाखवायचं. म्हणून म्हटलं दुसऱ्या चांगल्या ठिकाणचं घेऊ, त्याईनंही पाहत राहिलं पाहिजे.
बरोबर आहे जी तुमचं, म्हटलं. अगदी बरोबर. पाहतच राहतील.
मी पंकजची कोण, हे त्याईनं विचारलं नाही. विचारलं असतं तं सांगतलं असतं. वेबसाईटवर माझा फोटो नाही, आडनाव नाही, नुसते हात आहेत.

३० जाने.
इतकं सुंदर रुखवत मी आयुष्यात केलं नाही. डाळीचं घर दुमजली. सुपारीच्या सासूले कु.सारखा दोन्ही खांद्यांवरून पदर दिला. जुईनं ओळखलं. म्हणे, आजी, हे बरं नाही दिसत. मी म्हटलं, मानाचं आहे ते.
विहिणीच्या ताटाजवळ कोणती ओळ ठेवायची ते ठरवायले मले वेळच लागला नाही. मोठ्या कार्डावर, सोनेरी अक्षरात छापून घेतली.

विहीणबाई, बसा जरा, ताट आहे भरलं,
लेक दिली तुमच्या घरा, मागं काय उरलं.

ही कु.नं जुळवली तवा तिची स्वतःची पोरगी जाऊन वर्ष झालं होतं. तापानं गेली, लहान होती. कोणाचं तरी लग्न होतं धरमपेठेत, तिथं म्हटली पहिल्यांदा. म्हणताना आवाज कापला नाही तिचा. मी बाजूले उभी होती.

९ फेब्रुवारी
पारशिवनीहून आता आलो. पाय सुजले. पण लिहून झोपते.
रुखवत टेम्पोनं काल पाठवलं होतं, मांडलं पोरीकडच्याईनं. मी पोराकडची, मोठ्याई, खुर्चीवर, नवी नऊवारी, बाजूले जुई. मठ्ठा चांगला होता, जिलबी गार.
मंग कु.ले बोलावलं. पाट, रांगोळी, पाय धुतले, ओटी भरली. नवरीची मावशी एकेक कार्ड वाचत पुढं चालली, बाया हसून राहिल्या. सुपारीची सासू, सुपारीची सून झालं. मसुराच्या भिंती झाल्या. कु. डाळीकडं पाहत होती. माझी डाळ ती आंधळी झाली तरी ओळखीन. मंग मान वळवून तिनं मले शोधलं अन् पाह्यलं. नवल वाटल्यावाणी तोंड असन असं मले वाटलं होतं. तसं काही नव्हतं. जसं काही तिले आधीचंच माहीत.
मावशीनं मोठं कार्ड उचललं. विहीणबाई, बसा जरा, ताट आहे भरलं. इतकं झालं अन् पुढची ओळ कु.च म्हणून गेली. हळूच. मावशीच्या आधी.
मावशी थांबली. म्हणे, अगं बाई, विहीणबाईले तं पाठ आहे.
नवरीचा बाप मागून म्हणे, नेटवर आहे न जी ते, त्या वेबसाईटवर. पहिलं तेच येते. विहीणबाईनंही तिथंच वाचलं असन.
सारे हसले. सारे कु.कडं पाहून राहिले. पंकजही पाहत होता, हसत नव्हता. मी खुर्चीची दांडी धरली.
कु. म्हणे, हो जी. तिथंच वाचलं.
अन् ताटातली एक करंजी उचलून खाल्ली. मानाची पद्धत असते ती, एक घास खायचा.
असं पाहायले मिळालं. नशीब लागते.
जुई गाडीत सारा रस्ता खिडकीबाहेर पाहत होती.

१० फेब्रु.
जुईनं सकाळीच विचारलं, ओळी लहानी आजीच्या आहेत ना?
मी म्हटलं, घरच्या.
आजी, सरळ सांग.
तिच्या, म्हटलं. मंग? डाळ माझी होती तवा कोणी विचारलं? तवा तू नव्हती वं.
ती कॉम्प्युटरपाशी जाऊन बसली. ओळींचं पेज काढून टाकलं. म्हणे, एक तं तिचं नाव टाकू, नाही तं पेज नाही. मी म्हटलं माझी वेबसाईट आहे. ती म्हणे, पासवर्ड सांग मंग.
पासवर्ड मले काय माहीत.

१३ फेब्रु.
शोधलं की आमचं ओळींचं पेज अजून दिसते, दुसऱ्या नंबरावर. बोट ठेवलं की आत काही नाही. जुई म्हणे, विसरायले वेळ लागतो मशीनले. काल दोघींचे फोन आले, ओळी उघडत नाहीत म्हणे. भाड्याचं पेजही एक जागा खाली आलं. एकमेकांच्या आधारानं उभे होते दोन्ही पेज.
जेवण गेलं नाही.

१७ फेब्रु.
जुईले कु.चा फोन आला. स्पीकरवर नव्हता, पण पोट्टी माझ्यापुढं उभी होती, तोंड पाहून समजत गेलं. फोन ठेवून म्हणे, लहानी आजी म्हणते, पेज परत टाक. नाव नको टाकू.
काहून?
जुई म्हणे, ती म्हणते, मी चारचौघात सांगतलं तिथं वाचलं. आता सुनेचे माहेरचे शोधतात अन् सापडत नाही, मले विचारतात कुठं वाचलं. मी खोटी पडून राहिली सुनेपुढं. राहू दे तिथंच, म्हणे, मोठ्याबाईच्याच नावानं. मले ती मोठ्याबाई म्हणते.
जुई रडत रडत टाईप करत होती. पेज परत आलं.
जिंकली मी. आता तं तिनंच लिहून दिल्यासारखं झालं. साबुदाण्याची खिचडी केली, कोणी खाल्ली नाही, मी दोनदा घेतली.

२१ फेब्रु.
पहिला अन् दुसरा, दोन्ही आमचे, पुन्हा. जुई कामाचं तेवढं बोलते.

२४ फेब्रु.
खापरखेड्याहून फोन. नवरदेव अन् नवरी दोघंही वीज केंद्रात नोकरीले. पोरीची आई म्हणे, ताई, डाळीची चिमणी करा, केंद्राची, उंच, धुरासकट. अन् त्यावर दोन ओळी पाहिजे. वेबसाईटवरच्या नको, नव्या, आमच्यासाठी केलेल्या. तुमच्या ओळी इतक्या गोड असतात, पोरीनं हट्टच धरला.
करते जी, म्हटलं.
चिमणी होईन. उडदाची काळी अन् वरून कापूस. ओळी...

२५ फेब्रु.
उंच उंच चिमणी, तिचा काळा धूर,
पुढं दूर घालता येते, पूर घालता येते. पण त्यात लग्न कुठी आहे. सकाळपासून बसली. पोळ्या लाटून पाह्यल्या, त्यानंही काही होत नाही. जुईले म्हटलं तू जुळव, तुम्ही शिकलेल्या. म्हणे, मले नाही येत, आजी, तुले माहीत आहे कोणाले येते.

२६ फेब्रु.
पंकजच्या बायकोले फोन केला. प्राची. साधी पोरगी आहे, मोठ्याई मोठ्याई करते. तिले अजून समजलं नाही रुखवत कोणी केलं ते. म्हटलं, बाई, एक गंमत कर. सासूबाईले असंच विचार, चिमणीवर काही सुचते का, खापरखेड्याच्या. माझं नाव नको घेऊ. मोबाईलवर लिहून पाठव मले. ती म्हणे, हो मोठ्याई, आत्ता विचारते, त्या भाजी निवडून राहिल्या.
आता भाजी निवडता निवडता होईल तिची ओळ. तिले काय लागते.

२६ फेब्रु., संध्याकाळ
काही आलं नाही प्राचीचं. चिमणीचा खालचा भाग चिकटवून झाला.
आता फोन वाजला. जुईनं पाह्यलं अन् माझ्यापुढं धरला. म्हणे, लहानी आजीचा आहे. माझ्यासाठी नाही, तुझ्या नंबरवर आहे. घेते का?
हाताले डिंक आहे म्हटलं.
जुईनं फोन पाटावर ठेवला, कापसाजवळ, अन् आत गेली. वाजून राहिला आहे. मी लिहून राहिली आहे.